भेगा बुजवायचं लाल औषध

४ फेब्रुवारी १९७४, सोमवार
आले एकदाची कुपवाडला. पंपाच्या कारखान्याच्या कचेरीत काम लागलं, मागंच पत्र्याची खोली मिळाली. चूल मांडली, दारात पाणी मारलं आणि पयला चहा एकटीनंच, पण माझ्या घरात बसून प्याले. आष्ट्यात भावाकडं अकरा वर्सं राबले. लेकीला, सुलाला, दिवस गेले तशी भावजय म्हणाली, तुमच्या लेकीचं पयलं बाळंतपण आमच्या दारात नको, आमाला आमचंच जड झालंय. म्हटलं, घाल तुझं दार चुलीत. पयलं बाळंतपण माहेरीच व्हायला पायजे. आता ही खोली सुलाचं माहेर. पंधरा दिसांत येईल ती.
मी तिसरीपत्तूर शिकलेली. हितं बोलायला कोण न्हाई, म्हणून कचेरीतल्या पाठकोऱ्या कागदांवर हे लिहायला घेतलंय.

६ फेब्रुवारी, बुधवार
काम सायक्लोस्टाईल यंत्रावर, एका कागदाच्या शंभर नकला काढायचं. कृष्णात कारकून मेणकागदावर टाईप करतो, त्याला स्टेन्सिल म्हणतात. अक्षराच्या जागी मेण चिरतं, तिथनंच शाई खालच्या कागदावर उतरती. मी ती रुळावर चढवायची आणि दांडा फिरवायचा. अक्षर फिकं आलं तर शाई पुरती पसरलेली नसती, चार रद्दी कागद काढायचे. दोन कागद एकदम गेले तर गठ्ठा पत्त्यांवाणी पिसायचा. नको तिथं ठिपके उमटले तर स्टेन्सिलला भोक पडलेलं असतंय. त्यावर बाटलीतलं लाल औषध कुंचल्यानं लावायचं, फुंकर मारायची. भोक बुजतं. मग तिथनं शाईचा थेंब भाईर येत न्हाई. एवढंच तर हाय! दोन दिसांत शिकले. कृष्णात म्हणाला, मावशी, आधीच्या गड्याला वरीस लागलं. म्हटलं, गडीच तो.

९ फेब्रुवारी, शनिवार
दिवसभर फरशीवर उभं ऱ्हाऊन टाचा उलल्या. भेगांत शाई शिरती, मग कचेरीभर काळी पावलं उमटतात आणि मॅनेजर बोंबलतो. मेण भरलं, टिकलं न्हाई. म्हटलं, भोक ते भोक. लाल औषध भरलं. मिनिटभर झोंबलं, मग थंडगार. टाच लेकराच्या गालावाणी झाली. थंडीनं व्हट पण फुटल्यात, त्यांवरनं पण एक हात मारला. कृष्णात म्हणाला, मावशी, तमाशाला निघालासा काय? म्हटलं, तुझ्या वरातीत नाचायला, तुला कुणी पोरगी दिली तर. लय हसला. किती दिसांनी माझ्या बोलण्यावर कोण हसलं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
सुलाचं पत्र आलं. रविवारी सासरा आणून सोडणार. डिंकाच्या लाडवाचं सामान आणलं.
कृष्णातला दोनदा हाक मारली, मान वर केली न्हाई. फुगला असंल, फुगू दे. गिरणीत मागनं आलेल्या बाया दळण घेऊन गेल्या, माझा डबा तिथंच. गिरणीवाल्याला झाडला, तर तो पट्ट्याकडं बघत ऱ्हायला.
सांजच्याला दारात सडा मारला. त्यावरनं चार खेपा केल्या. शेजारच्या कोंबडीची पावलं उमटली. माझं एक पण न्हाई.

१४ फेब्रुवारी, गुरुवार
टाच वजरीनं घासली. रॉकेल चोळलं. निघत न्हाई. गुळगुळीतपणा पिंढरीपत्तूर चढलाय. तोंडावर पसरलाय, मनगटाला आलाय.
हजेरीत माझ्या नावापुढं गैरहजर. मी म्होरं उभी! कृष्णात शिपायाला सांगत होता, धोंडुबाई न सांगता गेली, तोंडाळ होती पण बरी होती बाई. वरडले त्याच्या कानात. त्यानं कान खाजवला.
चिठ्ठी लिहून त्याच्यापुढं ठेवली. उजेडात धरून बघितली आणि कोरी समजून गठ्ठ्यात घातली. एवढं फिकं उमटतंय माझं.
लय रडू आलं. डोळ्यांतनं पाणी आलं न्हाई.

१६ फेब्रुवारी, शनिवार
एकेक अक्षर तीनदा गिरवते. उद्या सुला येणार.
आज कृष्णातच्या खांद्याशी उभी होते. त्याची टाईपात चूक झाली. लाल औषध लावलं, वाळू दिलं, आणि पोलादी टोकाच्या लेखणीनं त्याच जागी नवं अक्षर कोरलं. औषध चिरलं. शाई आरपार आली.
लेखणी उचलून घरी आणली. कुणी बघितलं न्हाई. कोण बघतंय.
सोताच्या टाचंवर चालवायला हात धजत न्हाई. सुला तरी बघंल. पोटची हाय.

१७ फेब्रुवारी, रविवार, दुपार
आली. सासरा दारातनंच त्याच एसटीनं माघारी. कारखाना बंद. आसपास कुत्रं न्हाई.
आये, आये करत खोलीत फिरली. माझ्या अंगाला घासून गेली. पोट लय खाली आलंय. उंबऱ्यावर बसली. म्हणाली, लेक यायची ठावं असून ही गेली कुठं उलथायला.
हितंच हाय गं मी —

रविवार
सांजच्याला कळा सुरू. दिस भरायच्या आधीच. मी तिची कंबर धरली. तिला कळंना. लिहिते म्हणून धीर हाय, न्हाईतर —
टाचंवर लेखणी फिरवली. चिरलं. रगत आलं. उमटलं पाऊल! एक. दोन. तिच्याकडं —
तिनं बघितलं.

किंचाळली. पावलांकडं बघून मागं सरकती. मी पुढं गेले की ती अजून मागं — नगं, नगं म्हणती — कोण हाय म्हणती —
थांबले. हालत न्हाई.
आवाज पायजे. आवाज वळखंल ती. टाच उघडली, तसं तोंड पण —
लेखणी व्हटावर धरली. चिरलं. म्हटलं, सुले, भिऊ नगं, ही मी