‘गेला’ म्हणजे कुठे गेला?

प्रिय वन्सं,

नमस्कार. (तुम्ही माझ्याहून धाकट्या, म्हणजे खरं तर आशीर्वादच द्यायचा, पण जन्मभर भाषा शिकवलेल्या बाईला ‘आशीर्वाद’ लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती वाटते, म्हणून नमस्कार.) तुमचा गुडघा कसा आहे? आम्ही दोघी मजेत आहोत. त्यातली एक मजेत असल्याचं विसरते, इतकंच.

तर त्या रविवारी सकाळी दूध गॅसवर होतं, मी गच्चीत उशांचे अभ्रे वाळत घालत होते आणि ते काही केल्या संपत नव्हते. आपल्या घरात एवढ्या उशा कधी झाल्या, असं मनात म्हणत मी मागे वळून पाहिलं, तर सासूबाई माझ्या पाठोपाठ एकेक अभ्रा दोरीवरून उतरवून परत बादलीत टाकत होत्या. अगदी शांतपणे, नेमून दिलेलं काम असावं तसं. (मलाही कुठे घाई होती! आम्ही तो उद्योग आणखी थोडा वेळ चालू ठेवला. दूध उतू गेलं ते तेव्हाच.) मग त्या कौतुकाने म्हणाल्या, “बाई, तुमचा हात चांगला चालतो हो. नाहीतर आमची सून.” म्हणजे मला त्यांनी कामाला आलेली बाई ठरवलं होतं. आता अशी संधी कोणत्या सुनेला मिळते? मी बादली बाजूला सारली आणि विचारलं, का हो, काय करते तुमची सून? तर ती दूध गॅसवर ठेवून पुस्तकात डोकं घालते, भांडी आपटते, मिठाचा तिला अंदाज नाही, आणि माहेरचं कुणी आलं की तिचा आवाजच बदलतो. मी प्रत्येक वाक्याला “अरेरे” म्हणत होते. (मिठाचं सोडून. ते सरळसरळ खोटं आहे.) शेवटी मी म्हटलं, मग देत का नाही हाकलून? त्यावर त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. “छे छे, तिला काही बोलू नका हं. तो जेवायला बसला की ती त्याला हसवते. इतकं, की त्याला ठसका लागतो.” आणि मग जिन्याकडे बघत, “आला नाही का तो अजून?”

‘तो’ म्हणजे तुमचा दादा. त्याला जाऊन दुसरं वर्ष लागलं हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. सासूबाईंच्या लेखी तो कुठेतरी लिफ्ट दुरुस्त करतोय आणि काम लांबलंय. मी रोजच्यासारखं “कामावर गेलेत” म्हटलं, त्यांनी मान हलवली, आणि आम्ही दूध पुसायला खाली उतरलो.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांना दाखवलं का? दाखवलं. डॉक्टर चांगले आहेत, फक्त भिंतीकडे बघून बोलतात. म्हणाले, आजींच्या मेंदूतल्या पेशी कमी होत चालल्या आहेत. आता मामंजी कोर्टात कारकून. पेशी म्हटलं की सासूबाईंना न्यायाधीशासमोरची हजेरीच आठवणार. त्या म्हणाल्या, “बरं झालं. नाहीतर नुसत्या तारखांवर तारखा. निकाल कधी आहे?” डॉक्टरांनी पहिल्यांदाच भिंतीवरची नजर काढली. (बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाल्या, वकील बरा वाटतो, पण आपली बाजू त्याला समजलेली नाही.)

ती बाजू मलाही समजली नव्हती, म्हणून वाचनालयातून मेंदूवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, हे विद्यार्थ्यांसाठी आहे. म्हटलं, मग द्या की. मी शाळा किती लवकर सोडली ते तुम्ही जाणताच, त्यामुळे प्रत्येक पान दोनदा वाचते, एकदा शब्दांसाठी आणि एकदा अर्थासाठी. तुम्हाला थोडक्यात सांगते. (थोडक्यात सांगणं मला जमत नाही, हे तुमचा दादा सांगून दमला.) मेंदूतल्या पेशीला लांबच लांब शेपूट असते आणि तिच्या आत बारीक नळ्या असतात. त्या नळ्यांवरून खाणंपिणं, निरोप, दुरुस्तीचं सामान सगळं टोकापर्यंत जातं. म्हणजे लिफ्टच! लिफ्टचे रूळ जसे जागच्या जागी धरून ठेवावे लागतात, तसं ह्या नळ्यांना धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, टाऊ नावाचं. ह्या आजारात ते टाऊ आपली जागा सोडतं आणि एकमेकांनाच मिठ्या मारत सुटतं. त्याचे गुंते होतात. पुस्तकात ‘गुंते’ असाच शब्द आहे, लोकरीचे होतात तसेच. मग नळ्या खिळखिळ्या होतात, माल वरच्या मजल्यावर पोचत नाही, शेपटीचं टोक वाळतं आणि शेजारच्या पेशीशी असलेलं बोलणं तुटतं. त्यातच आतला केर काढणारी व्यवस्था सुस्तावते, आणि पेशींच्या बाहेर दुसऱ्याच एका प्रथिनाच्या गुठळ्या साचतात, शेजाऱ्यांनी जिन्यात अडगळ आणून टाकावी तशा. आधी बिघडतं काय आणि मागून काय, ह्यावर मोठमोठे लोक अजून भांडताहेत. मला वाचताना एकच वाटत राहिलं, की तुमचा दादा असता तर पान्हा घेऊन निघाला असता आणि दारात म्हणाला असता, “आईची लिफ्ट अडकलीय, आलोच.”

आता त्या रविवारच्या तुमच्या फोनकडे येते. आपल्याकडे फोनचा आवाज मोठाच ठेवलेला असतो, त्यामुळे मी भांडी घासता घासता सगळं ऐकलं. सासूबाईंनी तुम्हालाही दादाचं विचारलं. तुम्हाला खोटं बोलवत नाही, तेव्हा तुम्ही म्हणालात, “आई, दादा गेला.”

“हो ना. जेवून गेला का?”

“तसा नाही गं. वर गेला.”

“कितव्या मजल्यावर?”

इथे माझ्या हातातला पेला निसटला. (मी हसत होते. बायकोने अशा वेळी हसू नये हे मला कळतं, पण त्याने ऐकलं असतं तर तो जमिनीवर लोळला असता.) तुम्ही म्हणालात, “आपल्याला सोडून गेला, आई.” त्या म्हणाल्या, “मग तू वेळेवर तयार झाली नसशील. लहानपणापासून तुझं असंच.” तुम्ही म्हणालात, “तो आता परत येणार नाही.” त्या म्हणाल्या, “रात्रपाळी असेल.” वन्सं, तुमची दया आली मला. मराठीत मरणासाठी इतके शब्द, आणि एकही वेळेला उपयोगी पडेना! मग तुमच्यातली शिक्षिका जागी झाली आणि तुम्ही दोन अर्थ निघणार नाहीत असा शब्द वापरलात. तो मी इथे लिहीत नाही.

असो. बाकी सारं नेहमीसारखंच. गुडघ्याला शेक देत जा, आणि वर्गात उभं राहिल्यासारखं घरात उभ्या राहू नका.

तुमची
वहिनी

ता. क. : त्या शब्दानंतर काय झालं ते लिहायचं राहिलं. सासूबाईंनी रिसीव्हर नीट जागेवर ठेवला आणि रडायला लागल्या. स्वयंपाक होईपर्यंत त्या कशासाठी रडताहेत हे विसरल्या, पण रडणं थांबलं नाही. मला विचारत होत्या, “बाई, मला काय झालंय हो?” पुस्तकात ह्याचं कारण आहे. नवी गोष्ट साठवणारा मेंदूतला भाग समुद्रघोड्याच्या आकाराचा असतो आणि गुंते तिथे फार लवकर पोचतात. दुःख धरून ठेवणारं मात्र बरंच काही पुढेही चालू असतं. म्हणजे तुमची बातमी त्यांच्यात टिकत नाही, तिचा मार टिकतो. पुढच्या रविवारी त्या पुन्हा विचारणार, तुम्ही पुन्हा सांगणार, आणि त्यांचा मुलगा पुन्हा पहिल्यांदाच मरणार. तेव्हा एवढंच मागते. ‘गेला’ म्हणा आणि तिथे थांबा. ते खोटं नाही, व्याकरणातही बसतं. त्या जेवणाचं विचारतील, तर म्हणा, हो, जेवून गेला. तो खरंच जेवून गेला होता. मी वाढलं होतं.

ता. क. २ : हे सगळं मी त्यांच्यासाठी मागतेय असं वाचून तुम्हाला वाटेल. पण ह्या घरात तो शब्द दोघी ऐकतात. सासूबाई विसरतात. मला रोज कुणीतरी विचारतं, “आला नाही का तो अजून?”, आणि मला “येतील” म्हणायला मिळतं. जगात दुसरं कुणी मला हे विचारत नाही.

ता. क. ३ : तुम्ही फोन लावून लावून दमला असाल. कंपनीकडे तक्रार करू नका. तुमचं उत्तर आलं की सुरू होईल. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंची वेणी घातली, अभ्रे पुन्हा धुतले, आणि फोनची वायर भिंतीतून काढून ठेवली.