असे समजू नये

तीर्थरूप ताईस, धाकट्या भावाचा स्वतःचेच कान धरून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला? (दाजींची चौकशी अगदी मनापासून आहे, कारण पुढे येईलच.) मी तब्येतीने ठणठणीत आहे, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

तुला ठाऊकच आहे, माझा कॉम्प्युटर बोलतो, पण पूर्ण जागा झाल्यावर. जागा होताना तो काय पुटपुटतो ते नुसतं पडद्यावर उमटतं, आणि पडदा आंधळ्याच्या काय कामाचा? म्हणून मी ब्रेलची पट्टी घेतली. कीबोर्डपुढे ठेवायची. तिच्यात चाळीस घरं, आणि घराघरातून टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके वर येतात. माझ्या हट्टापायी दुरुस्तीवाल्याने संदेशही मराठीत करून दिले. रोज सकाळी बोटाखाली यायचं, ‘डिस्क तपासली. सगळ्या फायली सुरक्षित आहेत’. मी खूश. ऑफिसात (तिथे मी टेलिफोन सांभाळतो, तेही अर्धं ऐकूनच) सगळ्यांना ऐकवायचो, की तुम्ही डोळस माणसं मशीनवर आंधळा विश्वास टाकता, मी मात्र रोज त्याची नाडी बघतो.

तेवीस दिवस नाडी बघितली आणि चोविसाव्या दिवशी रोगी गेला. जाताना बाबांचा आवाज घेऊन गेला, तुझ्या कॅसेटींवरून मी उतरवलेला सगळा. दुसरी प्रत कर, दुसरी प्रत कर, म्हणून तू घसा कोरडा केला होतास. मी ती केली नाही, आणि वर तुला फोन करून खापर दाजींवर फोडलं, की आले तेव्हा पत्ते खेळून त्यांनीच मशीन बिघडवलं.

काल दुरुस्तीवाल्याने विचारलं, “काका, पुढचं बटण दाबत नव्हता का?” चाळीस घरांत न मावलेलं वाक्य ते बटण दाबल्यावर येतं म्हणे. मी ते कधी दाबलंच नव्हतं. पुढे होतं, ‘असे समजू नये.’ आपल्या भाषेत नकार शेवटी येतो, आणि शेवटापर्यंत थांबणं माझ्या रक्तात नाही. तू मला लहानपणापासून अर्धवट म्हणतेस, ती मी शिवी समजत होतो. बाबांचं ते घसा खाकरून ‘हं, तर काय सांगत होतो’ म्हणणं आता ऐकायला मिळणार नाही, याचं फार वाईट वाटतं. दाजींना माझी माफी सांग.

तुझा,
अर्धवट

ता. क. पत्ते मीच खेळत होतो. दाजी बिचारे नुसती पानं वाचून दाखवत होते.

पुन्हा ता. क. मागच्या महिन्यात फोनवर, कुणाच्या तरी झग्याला टाचण्या लावता लावता, त्याच टाचण्या तोंडात धरून तू म्हणालीस, ‘त्या जुन्या कॅसेटी मी टाकून दिल्या’. एवढं ऐकून मी ‘बरं केलंस’ म्हटलं आणि फोन ठेवला. ताई, तोंडातल्या टाचण्या काढून सांग, त्याच्यापुढे आणखी एखादा शब्द होता का? या वेळी मी थांबतो.