बंद म्हणजे बंद

रविवार, ५ जानेवारी

नव्या घरातला पहिला रविवार. अर्धी खोकी अजून दारामागे उभी आहेत, पण चहाचं पातेलं सापडलंय आणि आईची खुर्ची गॅलरीत लागलीय, म्हणजे घर लागलं म्हणायचं. लातूर सोडताना मी किती कुरकुरले होते! आणि इथं आल्यापासून उगीच गुणगुणतेय. भावसिंगपुऱ्यातलं घर, दुसरा मजला. गॅलरीतून लेण्यांचा डोंगर दिसतो. माझी बदली झालीय त्या पोस्टातली माणसंही बरी वाटली.

आईलाही मानवलंय. शेजारच्या केसरबाईंशी तिची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. पदर जरा सरकवून तिनं त्यांना खांद्याखालचा फुगवटा दाखवला. काडेपेटीएवढा पेसमेकर आहे तो, दोन वर्षांपूर्वी बसवलेला. तिचं हृदय आता स्वतःहून चालत नाही, ठोका तो देतो. आईनं सांगितलं की माझ्या लेकीनं माझ्यात सेल घातलाय, मी आता भिंतीवरचं घड्याळ झाले. केसरबाई हसून म्हणाल्या, मग गजर कितीचा लावलाय?

बटणांची फेरीही सुरू झाली. दिवे लागले की आई घरभर फिरते आणि गरज नसलेलं प्रत्येक बटण बंद करते. टक, टक, टक. टीव्हीचा बारका लाल दिवासुद्धा तिला सोसत नाही. माणूस नाय तिथं दिवा कशाला, फुकट जळतंय, म्हणते. मी मागून जाऊन हवं ते परत चालू करते. लहानपणापासून हा आवाज ऐकला की मला झोप येते.

आज शहागंजात जुन्या सामानाच्या दुकानात एक कॅमेरा घेतला. जपानी, रोलचा, चांगला वजनदार. मोबाईलमध्ये आईचे फोटो शेकड्यांनी आहेत, पण हातात धरता येईल असा एकही नाही. थोडे काढून ठेवावेत.

बुधवार, ८ जानेवारी

कॅमेरा मुका आहे. याचा खटका विजेवर चालतो, सेल नसेल तर दाबलाच जात नाही. खालचं झाकण उघडलं तर आत हिरवी बुरशी धरलेली. लिंबाच्या रसात कापूस बुडवून पुसलं, मग स्पिरिट, मग पत्र्याच्या पट्ट्या खोडरबरानं घासून चकचकीत केल्या. सैल पडलेली स्प्रिंग चिमट्यानं वर ओढली. घड्याळात घालतात तसले चपटे सेल आणून घातले. काही नाही. वरच्या बाजूला सरकवायचं बटण आहे, चालू आणि बंद. ते कुठंही सरकवा, शेजारचा लाल दिवा लागत नाही.

आईनं सेल मागून घेतले आणि गॅलरीच्या कठड्यावर उन्हात मांडले. पूर्वी बॅटरीचे सेल उतरले की असेच तापवायचो, म्हणाली. हे नवे आहेत, मी म्हटलं. मग तर आणखी चांगले तापतील, ती म्हणाली.

ऑफिसातून येताना गुलमंडीवर राजकुमारभाऊंकडे दाखवला. पूर्वी लग्नाचे फोटो काढायचे, आता दुरुस्ती करतात. त्यांनी कानाशी धरून हलवून पाहिला. म्हणाले, ताई, लई जुनं मशीन हाय, ह्याला नुसता सेल घालून भागत नाय, जीव लावावा लागतो.

रविवार, १२ जानेवारी

चालला! आई गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी सहज कॅमेरा डोळ्याला लावला आणि लाल दिवा लागला. खटका दाबला तर काय गोड आवाज! मी भराभर फोटो काढत सुटले. आई लाजली, मग पदर सावरून बसली, मग मेथीची जुडी माझ्यावर उगारली. शेवटी दमले गं म्हणाली आणि आडवी झाली. आनंदात मला एवढंच कळलं की आज ती लवकर दमली.

संध्याकाळी कपडे काढायला गॅलरीत गेले. कठड्यावर सेल होते. सगळे. आईनं उन्हात मांडले तसेच.

झाकण उघडून पाहिलं. आत काही नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

आईला चक्कर येते. जिना चढताना दोनदा बसली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीवर यंत्र टेकवून पेसमेकर तपासला, आणि पुन्हा तपासला. सेल अजून सहा-सात वर्षं जायला हवा होता. आता महिना-दोन महिने, कदाचित तेवढेही नाहीत, म्हणाले. चुंबक, वेल्डिंग, असलं काही घरात आहे का, विचारलं. मी नाही म्हटलं.

कॅमेरा ऑफिसात, रस्त्यात, केसरबाईंकडे, कुठंही लागत नाही. आईजवळ आणला की लागतो. बटण बंदकडे सरकवलं तरी दिवा तसाच.

डॉक्टरांना हे कसं सांगायचं?

शनिवार, १८ जानेवारी

काल कॅमेरा राजकुमारभाऊंकडे टाकून आले. आईपासून लांब राहील, एवढाच विचार. आज दुपारी त्यांचाच फोन आला, एकदम खूश. मशीनमध्ये जीव आला म्हणाले. इकडं सेलही घातला नव्हता, तरी दिवा लागलाय. जुन्या मशीनच्या अंगात करंट मुरलेला असतो, असं त्यांचं म्हणणं.

धावत गेले. त्यांनी बटण खोलून आतलं काळं वंगण काढलं होतं. माझ्यादेखत सरकवून दाखवलं. दिवा गेला. परत सरकवलं. दिवा आला. म्हणाले, आता चालू म्हणजे चालू, बंद म्हणजे बंद.

घरी आले तर आईच्या कपाळावर टेंगूळ. ओट्याशी उभी होती, एकदम अंधार झाला आणि ओट्यावरच आपटली. लाईट गेल्ती का गं, तिनं विचारलं. केसरबाई म्हणाल्या, लाईट कुठं गेली, आमचा तर टीव्ही चालू होता.

रविवार, १९ जानेवारी

मला अजून खरं वाटत नाही. लिहून ठेवते.

जेवायच्या वेळी आई वरण वाढत होती. मी पाटाशेजारी कॅमेरा घेऊन बसले होते. फुकट चालू नको म्हणून बटण बंद केलं, तिच्याच सवयीनं. आई म्हणत होती, वरणात मीठ जरा क

एवढंच. पळी हवेत. डोळे उघडे. मला वाटलं, काही आठवतेय. बटण नीट बसलं का बघायला मी ते परत सरकवलं. मीच पडलंय, ती म्हणाली आणि वरण वाढलं. मग खांद्याखाली हात दाबून धरला. विचारलं, लाईट गेल्ती का गं?

मंगळवार, २१ जानेवारी

चालू ठेवला तर तिचा सेल ओढतो. बंद केला तर ती बंद होते. फोडून टाकावा तर — फुटणं म्हणजे कायमचं बंदच की. बटण साफ झाल्यापासून लांब ठेवूनही उपयोग नाही, गुलमंडीवरूनसुद्धा —

राजकुमारभाऊंना विचारलं की बटण पहिल्यासारखं बिघडवता येईल का. ते हसले. ताई, बिघडवायला कोण येतं?

डॉक्टरांच्या हातापाया पडले. सोमवारी, २७ तारखेला नवा पेसमेकर बसवणार. तिच्या छातीतला हा निघाला की मग या डब्याचं तिच्याशी काय नातं? काही नसेल. नसायला हवं.

सोमवारपर्यंत फक्त चालू ठेवायचा. बटणावर चिकटपट्टी मारली, तीन वेढे.

शुक्रवार, २४ जानेवारी

रजा घेतलीय. कॅमेरा सोडून कुठं जात नाही. खटक्याला बोट लागू देत नाही. झोप नाही.

आईला सांगितलं, याला हात लावायचा नाही. का, ते नाही सांगितलं. घाबरली तर — तिच्या हृदयाला आता काहीच नको. नाय लावत बाई, म्हणाली. मग थोड्या वेळानं, पण त्यो लाल दिवा फुकट जळतोय गं.

दिवा मंद झालाय. तिचे ओठ निळसर —

जीव लावावा लागतो. मी कुणाचा लावला?

रविवार, २६ जानेवारी, संध्याकाळ

उद्या सकाळी. पिशवी भरली, साडी, रिपोर्ट, तिची वाटी. झेंडावंदनाची गाणी सकाळपासून चालू होती, आत्ता थांबली. मघाशी बसल्या बसल्या डोळा लागला माझा. जरासाच.

आई उठलीय. भिंत धरून चालतेय. उद्या दवाखान्यात जायचं तर घर नीट बंद करून जावं म्हणाली. फेरी सुरू —

टक. स्वयंपाकघर.

टक. न्हाणीघर.

फिरू दे. कॅमेरा माझ्या मांडीवर आहे, ओढणीत गुंडाळलेला. त्यावर हात ठेवूनच लिहितेय.

हलका लागतोय.

ओढणीत आईच्या चष्म्याचं घर —

हाक मारली.

आई बाहेरून बोलतेय. तू जागी होऊ नये म्हणून हळूच काढून घेतला म्हणते. किती जीव आटवतेस माझ्यासाठी, झोप की जरा म्हणते. पट्टी कुणी मारली गं एवढी, निघता निघेना, निघाली बघ. आता तेवढं सांग म्हणते, हे बटण इकडं सरकवायचं का ति