हितचिंतक

सोमवार, ४ मार्च
आले एकदाची! खोली दुसऱ्या मजल्यावर, लख्ख उजेडाची. चष्म्याच्या दुकानातली नोकरीही झकास. दिवसभर लोकांच्या नाकांची मापं घ्यायची. मालकीणबाई म्हणाल्या, तुझं हसू बघूनच गिऱ्हाईक फ्रेम घेतं. दुकानाचे, खिडकीचे, तळहातावरच्या नव्या किल्लीचे फोटो टाकले. ताईने फोनवर झापलं, जगाला सगळं कशाला सांगत बसतेस? म्हटलं, जळतेस काय!

शनिवार, ९ मार्च
फोटोंवर 'हितचिंतक' नावाचं कुणीतरी रोज सगळ्यांत आधी लिहितं. आज लिहिलं, गोड दिसतेस, फक्त हसताना हिरड्या दिसतात. आरशात पाहिलं. खरंच की! इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही? तोंड मिटून नवा फोटो टाकला. लगेच शाबासकी मिळाली. दिवस हवेत गेला.

गुरुवार, १४ मार्च
दुकानात हसत नाही आता. मालकीणबाईंनी विचारलं, बरं नाही का गं? हितचिंतक म्हणतो, हिरव्या ड्रेसमध्ये दंड जाड दिसतात. ड्रेस बोळा करून कोपऱ्यात टाकला. मग लक्षात आलं, तो मी फक्त खोलीत घालून पाहिला होता. फोटो काढलाच नव्हता.

मंगळवार, १९ मार्च
ताईला सांगितलं. रडवेली झाली. म्हणाली, आधी त्याला ब्लॉक कर, मी येते. केलं. मग फोटो टाकला. त्यावर कुणीच काही लिहिलं नाही. मी बरी दिसतेय की नाही, कळेना. जेवण जाईना. शेवटी मीच ब्लॉक काढला.

बुधवार, २० मार्च
त्याने फोटो पाठवला. माझी उशी. उशीवर माझे केस.
कुलूप शाबूत आहे. किल्लीवाल्याला तळहातावरच्या किल्लीचा माझा तो जुना फोटो दाखवला. म्हणाला, दाते स्पष्ट दिसतायत, यावरून दुसरी सहज बनते. कुलूप उद्या बदलणार. पोलीस म्हणाले, उद्या लेखी द्या.

गुरुवार, सकाळ
ताई स्टेशनवर उतरलीय. दाराला खुर्ची लावून बसलेय. ती येईपर्यंत हे लिहीत राहते —
फोन वाजला. हितचिंतक. लिहिताना ओठ चावतेस, वाईट दिसतं.
पडदे ओढलेले आहेत. म्हणजे तो आत —
पळायला हवं. खुर्ची बाजूला — पण मी आधी ओठ पुसले. का पुसले? केसही —
कपाट आतून उघडलं. म्हणतोय, आता कशी छान दि