पुढच्या चाकांना सुट्टी

सोमवार, ४ मार्च
वडिलांचा ट्रक जुन्या काळचा. चारही चाकं सदानकदा ओढतात. सपाट रस्त्यावर पुढच्यांनी कशाला राबायचं? नुसतं डिझेल पितो. किट आणलं. पुढच्या चाकांना दोन हब, हाताने फिरवले की चाक मोकळं. शिवाय ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या, पोटात बसवायचा एक लोखंडी ठोकळा. चार दिवसांचं काम. धाकटा भाऊ, जो ट्रक चालवतो, म्हणाला, दादा, मेकॅनिककडे देऊ. हसलो.
संध्याकाळी: पहिला बोल्ट निघेना. अगदी शांतपणे हातोडा फेकला. हेडलाइट फुटला. तसाही पिवळा पडला होता.

मंगळवार, ५ मार्च
धाकटा शिकवायला लागला. एक कानाखाली दिली, प्रेमाने. त्याने पाना घातला. माझा पुढचा दात गेला. त्याच्या बायकोने दोघांवर बादली ओतली तेव्हा सुटलो. संकल्प: आजपासून हात उचलणे बंद.

गुरुवार, ७ मार्च
संकल्प पाळला. लाथ मारली. ऑइलचा ड्रम भरलेला निघाला. अंगठा कांद्याएवढा.

शुक्रवार, ८ मार्च
धाकट्याने बॅग भरली. म्हणे, सोमवारी सकाळी माल भरायला ट्रक वखारीच्या दारात नसेल तर मी वेगळा होतो, दादा. म्हटलं, जा की, अडवलंय कोणी? मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारलं. ह्याला गाडी मी शिकवली. हा गेला तर मी ओरडायचं कोणावर? फार वाईट वाटलं.

शनिवार, ९ मार्च
हब बसले! ठोकळ्यासाठी केस उघडायला गेलो तर बोल्टचं डोकंच तुटलं. ठोकळा भिरकावला. शेजाऱ्याच्या खिडकीतून आत. शेजारी ठोकळा घेऊन बाहेर आला, मी पाना घेऊन. कपाळाला टाके (माझ्या). ठोकळा त्याने ठेवून घेतला. हरकत नाही. किटचं वजन वाढवायला कंपन्या काहीबाही घालतात.

रविवार, १० मार्च
हब मोकळे केले, इंजिन सुरू केलं. नुसता आवाज. ट्रक ढिम्म. सगळा जोर मोकळ्या पुढच्या बाजूला वाया. पण डोकं कोणाचं? केबिनमधला लॉकचा दांडा ओढला, त्याने पुढचं-मागचं एकत्र बांधलं जातं, आणि ट्रक पळाला! ठोकळ्याशिवाय! धाकट्याने चक्क मिठी मारली. म्हणाला, दादा, बॅग सोडतो.
ट्रक घराच्या वरच्या अंगाला शेडपाशी, उतारावर उभा केला. हँडब्रेक कधीच गेलाय, म्हणून नेहमीसारखा गिअरमध्ये टाकला. लॉकचा दांडा मात्र सोडून ठेवला. जुना आहे बिचारा, उगीच ताण नको.

सोमवार, ११ मार्च, हॉस्पिटल
हब मोकळे असताना लॉक सोडला की गिअर मागच्या चाकांना धरून ठेवत नाही, हे किटवाल्यांनी ठळक छापायला नको? ट्रक उतारावरून सुटला तो भिंत फोडून थेट धाकट्याच्या खोलीत. तो बॅगेतले कपडे परत कपाटात लावत होता. दोन्ही पाय मोडले. मी धावत पोचलो तर त्याच्या बायकोने जॅकचा दांडा उचलला. माझा डावा खांदा, दोन बरगड्या. त्यामुळे भावाशेजारचीच खाट मिळाली. योग म्हणायचा.

बुधवार, १३ मार्च
बरगड्या ठणकत असूनही धाकट्याला धीर दिला. म्हटलं, शेडपासून तुझ्या खोलीपर्यंत थेंबभर डिझेल लागलं नाही, बघ. तो भिंतीकडे तोंड करून पडला. झोप लागली असावी.

शुक्रवार, १५ मार्च
सकाळी जाग आली तर शेजारची खाट रिकामी, चादर नवी. ओरडलोच. नर्स म्हणाली, गप्प बसा, बरा आहे तो, स्वतःच मागून दुसऱ्या वॉर्डात गेलाय.
कुठल्या, विचारलं. ते सांगू नका म्हणालाय.