भिंतीला तोंड लावून काढलेल्या माझ्या फोटोबद्दल

कोर्दोबा, १७ एप्रिल

वडीलधाऱ्या वन्सं रेमेदिओस यांस,

धाकट्या भावजयीचा नमस्कार, आणि दोन्ही गालांवर एकेक पापा. (पत्रातून घेतलेल्या पाप्यानं कुणाला इजा होत नाही, हे मी आता अनुभवानं सांगू शकते. तो अनुभव पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? साबादेलची दमट हवा तुम्हाला मानवत नाही, हे मी पस्तीस वर्षांपूर्वीच म्हटलं होतं. तुमच्या होर्दींचा खोकला थांबला का? तुमचा कनारी पक्षी गातो की नुसताच खातो? इकडे मी ठीक आहे. डावं कोपर खरचटलंय, नाकाचा शेंडा सोललाय, बाकी सगळं जागच्या जागी आहे.

आपलं बोलणं दीड वर्षापासून बंद आहे, हे मी विसरलेले नाही. तुम्ही भावाच्या, म्हणजे माझ्या अन्सेल्मोच्या, थडग्यासाठी पाठवलेल्या प्लास्टिकच्या कार्नेशनच्या फुलांबद्दल माझं मत जे होतं तेच आहे, आणि हे पत्र काही समेटासाठी नाही. पण समोरच्या फुएन्सान्तानं माझा एक फोटो तुम्हाला पाठवला, तो बघून तुम्ही आमच्या फादर बेनिग्नोंना फोन केलात आणि कासिल्दाचं डोकं ठिकाणावर आहे का म्हणून विचारलंत. फादर लगेच बडीशेपेची बिस्किटं घेऊन आले आणि तडा गेलेल्या माठाकडे बघावं तसे माझ्याकडे बघत तासभर बसले. बिस्किटं बरी होती. पण तुमच्या समोर जो फोटो आहे, ज्यात अडुसष्ट वर्षांची काळ्या कपड्यातली विधवा डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून, दोन चाकांच्या यंत्रावर उभी राहून, आपल्याच घराच्या भिंतीला तोंड चिकटवून आहे, तो कसा घडला हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो.

तर ऐका. आमच्या गल्लीतून रोज सकाळी अकरा वाजता सेगवेवाल्यांची एक रांग जाते. पूर्वी ती संध्याकाळी जायची, मी प्रार्थनेला गेलेली असताना; सहा महिन्यांपासून वेळ बदललीय. (सेगवे म्हणजे पाळण्यात उभं केलेल्या मुलासारखं माणसाला उभं करून गावभर फिरवणारं यंत्र. साबादेलला नसेल तर तुमचं भाग्य.) सात-आठ परदेशी, पुढे त्यांची वाटाड्या अरासेली, चाळिशीची, उन्हानं रापलेली, आवाजानं घोगरी. ही रांग बरोबर आपल्या दारासमोर थांबते. बाई तोंडाजवळच्या मायक्रोफोनच्या बोंडात काहीतरी पुटपुटते, ते त्या लोकांच्या कानातल्या यंत्रात वाजतं, बाहेर काही ऐकू येत नाही. मग ती दाराशेजारच्या जागेकडे बोट दाखवते, जिथे अन्सेल्मो संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचा, आणि तेवढा एकच शब्द मोठ्यानं म्हणते, "अन्सेल्मो!" आणि सगळे हसतात. रोज. वर भिंतीला हात लावून जातात. खांद्याच्या उंचीवर पंज्यांचे डाग पडतात, ते मी ओल्या फडक्यानं पुसते.

वन्सं, मी खिडकीच्या झडपेआड उभी राहून हे सहा महिने ऐकलं. त्याचं नाव आणि मागोमाग हसू. तुमचा भाऊ साधा चुना मारणारा माणूस होता, त्याला जगात कुणी थोर म्हणावं अशी माझी अपेक्षा नव्हती. पण मेलेल्या माणसाला स्वतःच्या दारात रोज अकरा वाजता हसं व्हावं लागावं? माझा घास उतरेना. फुएन्सान्ता म्हणाली, "अगं, सरळ विचार ना तिला." विचारलं असतं, आणि ती "छे हो काकू, आम्ही कशाला हसू" म्हणाली असती, तर खरं काय ते मला जन्मात कळलं नसतं. मी वयाच्या चाळिशीत वाचायला शिकले आणि तेव्हापासून एक गोष्ट पाळते, की दुसऱ्यानं काय लिहिलंय ते तिसऱ्याला विचारायचं नाही, स्वतः पुस्तक उघडायचं. म्हणून मी रविवारच्या स्पॅनिश भाषेतल्या सहलीत नाव घातलं. आपल्याकडे लग्नानंतरही बाईचं आडनाव तिचंच राहतं, त्यामुळे मी कुणाची कोण हे तिला कळायचं कारण नव्हतं.

काळ्या घागऱ्यात त्या यंत्रावर पाय टाकता येत नाही. म्हणून अन्सेल्मोची कामाची विजार घातली, चुन्याच्या शिंतोड्यांची. कमरेला त्याचाच पट्टा, दोन नवी भोकं पाडून. फोटोत तुम्हाला जे "कुणा गड्याचे कपडे" वाटले ते हेच. (फादरनी मला तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यांच्याकडे कबुलीजबाब देताना जपून.)

सहलीत आम्ही सहा जण. माझ्या शेजारी बुर्गोसहून आलेले एक निवृत्त पोस्टमास्तर, भारी बोलके, आणि त्यांची बायको, जिला बोलायची पाळी आली नव्हती. अरासेलीनं आधी शिकवलं. पुढे झुकलं की यंत्र पुढे जातं, ताठ उभं राहिलं की थांबतं, मागे झुकलं की मागे येतं. मला वाटलं, यात काय आहे? ताठपणा माझ्यात किती आहे हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? अरासेलीसुद्धा म्हणाली, "काकू, तुम्ही तर जन्मजात आहात!" मी खूश.

पण वन्सं, आपण कोर्दोबाची माणसं दिवसात किती वेळा पुढे झुकतो हे मला त्या दिवशी कळलं. आपल्याला ओळखीचं माणूस दिसलं की गाल पुढे जातो, तो काही आपण नेत नाही. कोपऱ्यावर फुएन्सान्ता प्रार्थनेहून परत येत होती, हातात गरम, तळलेल्या हेरिंगोंचा पुडा. (तुम्ही तिकडे त्यांना चुरो म्हणायला लागलात असं ऐकते. असो.) मला बघून ती ओरडली, "अगं कासिल्दा! हे काय सोंग!" आणि मी सवयीनं गाल पुढे केला. यंत्र निघालं. मी जवळ आले म्हणून तीही सवयीनं गाल पुढे करायला लागली, मग तिला चाकं दिसली आणि ती मागे सरायला लागली. ती जितकी मागे, तितकी मी पापा घ्यायला पुढे. असं आम्ही दोघी सगळी गल्ली चाललो. शेवटी ती एका दारात पाठ टेकून उभी राहिली आणि मी तिचा उजवा गाल गाठला. डाव्याला हेल्मेट लागलं. हेरिंगो रस्त्यावर. "मेले, मेले!" असं ती ओरडत होती, आणि पोस्टमास्तर मागून म्हणाले, "मी चाळीस वर्षं टपाल वाटलं, पण इतक्या तळमळीनं पोचवलेलं पाहिलं नाही."

अरासेली म्हणाली, "काकू, ओळखीचं कुणी दिसलं तर नुसता हात करा." मी म्हटलं, "मी इथे जन्मले, हात करत बसले तर दांडा कोण धरणार?"

पुढे पूल. त्याला सगळे रोमन म्हणतात. मी अरासेलीला सांगितलं की रोमन लोकांचे फार थोडे दगड उरलेत, बाकी डागडुजी (नगरवाचनालयातल्या इतिहासाचा दुसरा खंड, मी दोनदा वाचलाय). पोस्टमास्तर म्हणाले, "म्हणजे माझ्या दातांसारखं." त्यांची बायको हसली. पुलाच्या मध्यावर आपला संत राफाएल उभा आहे, समोर लाल मेणबत्त्या. आता मला सांगा, आयुष्यात त्याच्यासमोरून मान न झुकवता कोण गेलंय? मी हातानं क्रूस केला, मान खाली घातली, गुडघा किंचित वाकवला, आणि यंत्र भक्तिभावानं थेट संताच्या अंगावर. चार मेणबत्त्या आडव्या झाल्या. अरासेलीनं मागून पट्टा धरला, तोच अन्सेल्मोचा पट्टा, आणि मला ओढून घेतलं. कोपर खरचटलं ते तिथे. ती म्हणाली, "काकू, विनंती करते, पुढच्या दोन तासांत देव मानू नका." मी म्हटलं, "प्रयत्न करते, पण वाटेत तीन चर्च आहेत."

त्यानंतर मी कुणाकडे पाहिलं नाही. समोर बघत, गोट्यांच्या फरसबंदीवरून दात वाजवत चालले, कारण आता वाट आपल्या गल्लीकडे वळत होती. खरं सांगते, तेव्हा मला परत फिरावंसं वाटलं. झडपेआड होते तोवर निदान शंका होती.

रांग दारासमोर थांबली. त्या यंत्रावर माणूस वीतभर उंच होतो, त्यामुळे मला आपलं घर अन्सेल्मोच्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसलं. भिंत वरून करडी पडलीय वन्सं. खालून मला कधी दिसलंच नव्हतं.

अरासेली बोलायला लागली, आणि या वेळी ते माझ्या कानात होतं. ती म्हणाली, नऊ वर्षांपूर्वी या कामावरचा माझा पहिला दिवस. सात जर्मन बरोबर, आणि नेमकी इथे माझी पाटी कोरी झाली. एक राजा आठवेना की एक साल आठवेना. तिथे खुर्चीवर एक माणूस बसला होता, चुना मारणारा. त्यानं माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "पोरी, घाबरू नकोस, मी सांगतो ते सांग. ही कोर्दोबातली सगळ्यात जाड भिंत. बायकोशी भांडण झालं की मी बाहेर येतो आणि चुन्याचा एक हात मारतो. लग्न झालं तेव्हा आत चार खोल्या होत्या, आता तीन उरल्यात." ते जर्मन इतके हसले की माझी भीती गेली. त्याचं नाव "अन्सेल्मो!"

सगळे हसले. पोस्टमास्तरांची बायको सगळ्यात जास्त.

वन्सं, माझा जीव भांड्यात पडला. लोक त्याला हसत नव्हते. मला हसत होते!

आणि खरं आहे ते. मी बोलायला लागले की तो कधी उलट बोलत नसे. बादली आणि कुंचा उचलायचा आणि बाहेर. मला इतकी वर्षं वाटायचं, हा माणूस किती कामसू. आपल्या दाराच्या चौकटीला कोपरे उरलेले नाहीत, थरावर थर बसून गोल झालेत, ती सगळी माझी बडबड आहे.

पण अरासेलीचं संपलं नव्हतं. ती म्हणाली, "जाताना त्यानं मला परत हाक मारली. म्हणाला, हेही सांगत जा, की भांडणात दर वेळी तीच बरोबर असते. मी बरोबर असतो तर मला बाहेर यावं लागलं असतं का?" मग तिनं भिंतीकडे बोट केलं. म्हणाली, तीन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हापासून भिंतीला चुना नाही. आत त्याची बायको आहे, पण भांडणार कुणाशी? हात लावून बघा, चाळीस वर्षांचा संसार किती जाड असतो.

सगळ्यांनी हात लावला. मीही लावला. हात पुढे केला, म्हणजे अंग पुढे झुकलं, म्हणजे यंत्र निघालं, आणि मी अलगद भिंतीला जाऊन चिकटले. हात, हेल्मेट, नाक, सगळं. अरासेली ओरडत होती, "काकू, मागे झुका! मागे!" मला ऐकू येत होतं. मागे कसं झुकायचं तेही ठाऊक होतं. मी झुकले नाही. गार होती भिंत, आणि जवळून चुन्याचा वास अजून येतो. तो घरी आला की यायचा तसा.

फुएन्सान्ता मागोमाग आली होतीच (मला वाटलं, हेरिंगोंचा हिशोब मागायला), तिनं तेवढ्यात फोटो काढला आणि ओरडली, "अहो, तिला राहू द्या, ती तिचीच भिंत आहे!" अरासेली पांढरीफटक. तिनं मला सोडवलं, हेल्मेट काढलं, आणि रडवेली होऊन माफी मागायला लागली. आता काही सांगणार नाही म्हणाली. सगळे माझ्याकडे बघत होते, काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "एक चूक आहे तुमच्या गोष्टीत. चाळीस नाही, एक्केचाळीस वर्षं. उद्यापासून नीट सांगा."

ती नीट सांगते, आणि आता माझ्यासाठी मोठ्यानं. रोज अकरा वाजता मी झडप उघडी ठेवून ऐकते. भिंतीवरचे पंजे पुसणं बंद केलंय.

तर फोटोची हकीकत ही एवढीच. डोकं ठिकाणावर आहे, फादरना कळवा. तब्येतीला जपा, होर्दींना नमस्कार सांगा.

तुमची भावजय,
कासिल्दा

ता. क. मेमध्ये अंगणांचा उत्सव आहे, गावभर भिंती पांढऱ्या होतायत. मीही हौदात कळीचा चुना भिजत घातलाय आणि अन्सेल्मोचा लांब दांड्याचा कुंचा काढून ठेवलाय. पण नुसता उठून चुना मारता येत नाही. अरासेली लोकांना सांगते की ही भिंत भांडणाशिवाय रंगत नाही, आणि मी तिला खोटं पाडू इच्छित नाही.

आणखी ता. क. विधवेशी कुणी भांडत नाही, वन्सं. फुएन्सान्ता हेरिंगोंवरूनसुद्धा भांडली नाही, "जाऊ दे गं, तू बरी आहेस ना" म्हणाली. तीन वर्षांत माझं म्हणणं कुणी खोडलेलं नाही. दूध महाग झालं म्हटलं तर हो, स्वस्त झालं म्हटलं तर हो. आपल्या घराण्यात तुमच्याइतकं चांगलं कुणी भांडत नाही, हे अन्सेल्मोही म्हणायचा. दहा दिवस या. शिडी तुम्ही धरा.

शेवटचं. प्लास्टिकची कार्नेशन मी टाकलेली नाहीत. कोठीत वरच्या फळीवर, धुऊन ठेवलीत. सुरुवात तिथून करू.