सहीच्या वरची ओळ

वॉटफर्ड,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. पुष्कर,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना नाही. बॉयलरवाला येऊन गेला. तू, मीनल, सिया, तिघं ठीक असालच.

त्या सकाळी कणीक सैल झाली होती. पुन्हा पीठ घालून मळत होते, तेवढ्यात दाराशी दुधाच्या बाटल्या वाजल्या. आणायला जाईपर्यंत पक्ष्यांनी झाकणांना भोकं पाडून वरची साय खाल्ली होती. तुझा शाळेचा शर्ट रेडिएटरवर ओलाच राहिला होता, तो इस्त्रीने वाळवला. तुझे बाबा साडेसहाला छापखान्यातून आले होते आणि शाईचे हात घासून झोपले होते, म्हणून रेडिओ बंद, नळसुद्धा बारीक. १९८२ चा मार्च. तू चौदा वर्षांचा. एक बूट पायात, एक हातात, स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"आई, सही! बस जाईल."

"हळू बोल, बाबा झोपलेत. कसली सही?"

"शाळेची गं. सर आज गोळा करणार."

थांबते. चहा उतू गेला.

बसले पुन्हा. मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालास की बाबांच्या वर्षश्राद्धाला तू येणार नाहीस. मी विचारलं, का रे? तर म्हणालास, "गुरुजी झूमवर आहेत, तू आहेस. ज्या माणसाने माझा कागद न वाचता सही केली, त्याच्यासाठी मी मँचेस्टरहून यायचं? आई, प्लीज." मग सियाच्या शाळेच्या ईमेलबद्दल बोललास, ओरडलासच जवळजवळ, आणि फोन ठेवलास.

तेव्हापासून हात रिकामा ठेवता येत नाही. कपाटं आवरली. परत विस्कटली. यंदा आपल्याकडे दिवाळी नाही, तरी पितळेचे डबे घासून ठेवले.

काल सियाने फोन केला होता, तुला माहीत नसेल. तिच्यावर रागावू नकोस.

"आजी, मला मॅथ्सचा खालचा पेपर देणार. फाउंडेशन. त्यात जास्तीत जास्त फाइव्ह मिळतो. नाइन, सगळ्यात वरची ग्रेड, ती मिळूच नाही शकत."

"कितीही बरोबर सोडवलंस तरी?"

"कितीही. माझा मॉक एक्झाम वाईट गेली ना. डॅड म्हणतो शाळा ऐकणार नाही, थर्सडेच्या मीटिंगला जायचाच नाही. तो खूप ड्रामा करतो, आजी. अँड मी तर ठीक आहे."

ठीक नव्हती. तिचा आवाज तुझ्यासारखा आहे. ठीक नसलं की जास्त भरभर येतो.

तुला ठाऊक आहे, मी लायब्ररीत इंग्रजी वाचायला शिकले. सुरुवातीला लहान मुलांची पुस्तकं, चित्रांची. बाकावर माझ्या शेजारी पाच वर्षांची पोरं बसायची. नंतर मोठी. तुला वाटायचं आईला नाद लागला. बाबांना वाटायचं वेळ जातो. मी काय शोधत होते ते दोघांनाही सांगितलं नाही.

मी इथल्या शाळांबद्दल वाचत होते. दुसरं महायुद्ध संपता संपता त्यांनी कायदा केला, मग अकराव्या वर्षी परीक्षा, हुशार मुलं एका शाळेत, बाकीची दुसऱ्या. वीस वर्षांनी सरकारने गावोगावच्या कौन्सिलांना लिहिलं की हे बंद करा, सगळ्यांना एका शाळेत घ्या. घेतलंही बऱ्याच ठिकाणी. पण त्याच शाळेत आत पुन्हा दोन रांगा. एका रांगेला ओ लेव्हल, वरची परीक्षा; दुसरीला सी.एस.ई., खालची. तू सोळाव्या वर्षी सी.एस.ई. दिलीस, १९८४ मध्ये. गणितात पहिली ग्रेड आणलीस, त्याच्या वर ग्रेडच नव्हती. कागदावर ती ओ लेव्हलच्या बरोबरीची होती. पुढच्या वर्गाच्या सरांनी तरीही तुला परत पाठवलं, की तुमचा अभ्यासक्रम वेगळा. आणि चार वर्षांनी, पुष्कर, फक्त चार, त्यांनी दोन्ही परीक्षा मोडून एक केली. ते पान वाचलं तेव्हा मी लायब्ररीत पुस्तक मिटून तशीच बसून राहिले. बंद करायची वेळ झाली हे बाईंना येऊन सांगावं लागलं.

आता सियाचं ऐकून कळलं की एका परीक्षेच्या आत पुन्हा दोन पेपर आहेत. रांग काही जात नाही. नुसतं नाव बदलतात.

मी एवढं वाचलं ते दोष कुणाच्या तरी दारात नेऊन ठेवायला. मंत्र्यांच्या, कौन्सिलच्या, त्या सरांच्या. त्यांचा आहेच. पण प्रत्येक पुस्तकात शेवटी मला तो कागदच दिसायचा.

सही बाबांनी केली नव्हती. मी केली.

हे लिहून उठले होते. दारातली पानं झाडून आले. ओली आहेत, झाडूला चिकटतात.

बाबा नेहमी रात्रपाळीला. शाळेच्या कागदांवर वडिलांची सही लागायची. एकदा ते म्हणाले, "मला उठवत जाऊ नकोस, तूच कर माझी सही." सहलीचा कागद, दातांच्या तपासणीचा कागद, सगळ्यांवर मीच. एम. आर. घाटपांडे. उखाण्याशिवाय ज्यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही, त्यांचं नाव असं शेकडो वेळा लिहिलं. त्या सकाळीही कणकेचा हात पदराला पुसला, तुझं पेन घेतलं आणि लिहिलं. कागदाच्या कोपऱ्यावर पिठाचं बोट उमटलं होतं. तू गेलास. तुला बस मिळाली.

तू म्हणशील, तुला इंग्रजी येत नव्हतं, तुझा काय दोष. मी हेच स्वतःला सांगत आले. पुण्यात माझे वडील माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायचे. तिचा अर्थ एवढाच, की पाहिलं. काय करायचं ते मास्तर ठरवणार. वडील कधी शाळेत गेले नाहीत, कुणाचेच जात नसत. मास्तरांना विचारायचं म्हणजे त्यांच्यावर संशय घ्यायचा. मला वाटलं, इथेही सही म्हणजे पाहिलं. इथे सही म्हणजे आम्हाला मान्य आहे, हे मला नंतर कळलं.

हे खरं आहे. पण पुरतं खरं नाही.

सहीच्या जागेच्या वर एक ओळ होती. मला तेव्हा वाचता येत नव्हतं असं नाही, सावकाश यायचं. तू बूट घालायला वाकलास तेवढ्या वेळात मी ती ओळ वाचली. ज्या पालकांना हे विषय मान्य नसतील त्यांनी गुरुवारी सात वाजता शाळेत येऊन भेटावं. मला गुरुवार कळला. सात कळले. भेटावं हेही कळलं. तुझ्या नावापुढे गणिताला सरांनी पेन्सिलने सी.एस.ई. लिहिलंय, तेही दिसलं, आणि तू आठवडाभर त्यावरून गप्प आहेस हे मला आई म्हणून माहीत होतं.

गुरुवारी बाबा कामावर असणार होते. मला एकटीला जावं लागलं असतं. साडीवर कोट घालून, त्या लांब खोलीत, सगळ्यांसमोर माझ्या इंग्रजीत बोलायचं. आधीच्या वर्षी एका बाईंनी माझं वाक्य हसून परत म्हणून दाखवलं होतं. मला पुन्हा तिथे जायचं नव्हतं. म्हणून तुझ्या बापाला उठवलं नाही, तुला विचारलं नाही, आणि सही केली. मी अडाणी म्हणून चुकले नाही, पुष्कर. मी भ्याले.

बाबा गेल्यावर त्यांच्या खणात तो कागद मिळाला. चाळीस वर्षं छापखान्याच्या पाकिटात ठेवला होता त्यांनी. सोबत पाठवते आहे. पिठाचा डाग आता पिवळा झालाय, पण आहे. अक्षर नीट बघ. घाटपांडेतल्या इंग्रजी 'जी' ला ते कधी अशी शेपटी काढत नसत.

येत्या गुरुवारी सियाच्या शाळेत पालकांची भेट आहे ना? शाळा ऐकेल की नाही, मला माहीत नाही. तू जा. मीनलला ने, सियाला ने, आणि खुर्चीत बसून विचार. उत्तर मिळेपर्यंत उठू नकोस. श्राद्ध आठ नोव्हेंबरला आहे. येच असं म्हणणार नाही. रागावायचं असेल तर ते माझ्यावर, आणि मी अजून आहे, समोर येऊन रागावता येईल. त्यांच्यावरचा तेवढा काढून घे.

एवढंच राहिलं. चौऱ्याऐंशीचा ऑगस्ट. पुढच्या वर्गात घेत नाहीत हे कळून तू शाळेतून आलास. ऑफिसने फायलीतून काढून दिलेला तो कागद तुझ्या हातात होता. तू तो बाबांच्या पुढ्यात आपटलास.

"तुम्ही सही केलीत. वाचलं तरी होतं का?"

त्यांनी चष्मा लावला. कागद जवळ घेतला. मी ओट्यापाशी होते, त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तुला म्हणाले, "नाही रे. न वाचताच केली. चुकलं माझं."

तू दार आपटून वर गेलास. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला, पुरे म्हणून. त्यानंतर चाळीस वर्षं आमच्या दोघांत तो विषय निघाला नाही. त्यांनी काढला नाही, आणि ते काढत नाहीत यावर मी जगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा रात्रपाळीचा डबा घासला, तुला पोहे केले, तुम्ही दोघं एकमेकांकडे न बघता खात होतात तिथे मध्ये उभी राहून चहा ओतला, आणि काही बोलले नाही.

ही खालची सही माझी स्वतःची आहे.

तुझी आई,
सुनेत्रा घाटपांडे